एक पेन, पंधरा दोष

तीर्थरूप ताईस,

धाकट्या ठिपक्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे नमस्कार अर्ध्यावरच अडकला आहे, उरलेला अर्धा मनानं पुरा केला आहे.) या पत्राबरोबर एक खोका येतो आहे. आधी पत्र वाच, मग खोका उघड. तुझा स्वभाव मला माहीत आहे, कात्री हातात आलेलीच असणार आणि दोरीही कापून झालेली असणार. तरी निदान आतला कापूस उचकटू नकोस. पत्र संपेपर्यंत खोक्यावर तुझा तो जाडजूड शब्दकोश ठेवून दे, म्हणजे दोघांनाही धीर धरायची सवय लागेल.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की "मी काही म्हातारी नाही" असं कठड्यालाच सुनावतेस? शेजारीण अजून तुझं वर्तमानपत्र तुझ्याआधी नेऊन शब्दकोडं सोडवून परत आणते का? आणि मुख्य म्हणजे, बोटीच्या प्रवासाची तयारी कुठवर आली? सदतीस वर्षं तू मुलांना समुद्र नकाशात छडीनं दाखवलास. निवृत्त झाल्यापासून त्या एका प्रवासासाठी थोडं थोडं बाजूला टाकत आलीस, आणि आता पुढच्या महिन्यात समुद्र खरोखरचा दिसणार. बॅग घेतलीस का? चाकांची घे. उचलायची घेतलीस तर बोटीवरच्या लोकांनाही आपली पाठ ताठ ठेवून बॅग कशी उचलायची ते शिकवत बसशील.

आम्ही इकडे ठीक. तुझी भावजय ठणठणीत आहे. तरणतलावावर अजून पोहायला शिकवते आणि घरी आल्यावरही गळ्यातली शिट्टी काढत नाही. एक शिट्टी म्हणजे जेवायला या, दोन म्हणजे नळ चालू राहिला आहे, आणि लांबलचक एक म्हणजे मी बोलायला नको ते बोललो आहे. तिसऱ्या प्रकारची शिट्टी गेल्या महिन्यात घरात इतक्यांदा वाजली, की खालच्या मजल्यावरच्या माणसाचा कुत्रा आता मी तोंड उघडलं की बसूनच घेतो.

आता मूळ गोष्ट. ती लिहिण्यासाठी मी चार कागद फाडले आहेत, तेव्हा पाचव्यावर एका दमात सांगून टाकतो. ताई, तू दिलेलं पेन मी विकलं. ऑनलाइन लिलावात.

(इथे पाणी पिऊन घे. मीही पितो.)

मला तो दिवस आठवतो आहे. मी तिसऱ्यांदा परीक्षेत नापास झालो होतो आणि घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मी बाजाराच्या बोळात, कुलूपवाल्याच्या शेजारी, दोन हात रुंदीचं एक टेबल टाकून पेनं दुरुस्त करायला बसलो. पहिल्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. संध्याकाळी तू शाळेतून तशीच आलीस, पिशवीतून ते काळंभोर, सोनेरी कड्याचं पेन काढलंस आणि टेबलावर ठेवलंस. तुला ते शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांनी जाताना दिलं होतं. तू म्हणालीस, "सगळ्यांची पेनं दुरुस्त करणार आहेस, एक तुझं स्वतःचं असू दे." मग माझ्या पाटीवरचं अक्षर बघून म्हणालीस, "आणि काने सरळ काढ. कान्याला पाठीचा कणा असतो." बाकी कुणी काही न म्हणण्याच्या त्या आठवड्यात ही दोन वाक्यं मला जेवणासारखी पुरली.

तर ते पेन इतकी वर्षं माझ्या टेबलावर उभं होतं. त्याची किंमत ना तुला माहीत होती ना मला. या वर्षाच्या सुरुवातीला एक संग्राहक (जुनी पेनं जमवणारा माणूस, मिशा अशा कोरलेल्या की त्याही जमवलेल्या असाव्यात) एक साधं पेन दुरुस्तीला घेऊन आला. त्याची नजर तुझ्या पेनावर गेली आणि त्यानं आपलं पेन बाजूला सारलं. म्हणाला, त्या कारखान्यानं तसली फार थोडी पेनं केली होती आणि तो कारखाना आता उरलेला नाही. मग त्यानं एक आकडा सांगितला. तो ऐकून मी घाईघाईनं त्याच्यापुढे खुर्ची सरकवली, आणि मग माझ्या लक्षात आलं की बसायची गरज मला होती.

तेव्हाही विकायचा विचार नव्हता, ताई, शपथेवर सांगतो. पण एक गोष्ट तुला कळवलेली नाही. माझ्या धंद्यात सगळा खेळ निबेच्या मधल्या चिरेचा असतो. केसाएवढी चीर, तिच्या दोन बाजूंना दोन दात. एक दात किंचित वर गेला की शाई अडते, किंचित खाली आला की कागद ओरबाडतो. डोळ्याला भिंग लावायचं आणि दोन्ही दात बोटांनी एका पातळीत आणायचे. गेल्या वर्षापासून मला एका चिरेच्या दोन चिरा दिसायला लागल्या. त्याचं फारसं काही नाही, चष्मा बदलला. पण हातसुद्धा स्थिर राहीना. चहाचा कप मी आता दोन्ही हातांनी धरतो आणि थंडी असल्याचं भासवतो. (उन्हाळ्यात हे अवघड जातं.) दोन गिऱ्हाइकांच्या निबा माझ्या हातून वाकल्या. पदरचे पैसे घालून नव्या बसवून दिल्या आणि कुणाला काही बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळी घ्या, थोडं कमी होईल. थोडं कमी झालंही. पण माझं काम थोड्या कमी कापणाऱ्या हातानं होत नाही.

याच्यावर एक यंत्र मिळतं. दोन डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोप आणि त्याला जोडलेले दोन लोखंडी हात. निब त्या हातांत घट्ट बसवायची आणि आपण फक्त बाजूची चकती फिरवायची. आपला हात कापला तरी यंत्राचा कापत नाही. हे यंत्र असलं तर टेबल चालू, नसलं तर माझ्या जागी कुलूपवाला चपलांच्या किल्ल्यांसारख्या अडगळीच्या वस्तू मांडणार. (चपलांना किल्ल्या नसतात हे मी त्याला सांगितलं. तो म्हणतो, म्हणूनच खपत नाहीत.) यंत्राची किंमत आणि संग्राहकानं सांगितलेला आकडा एकमेकांच्या इतके जवळ होते, की मला त्या दिवसापासून टेबलावरच्या पेनाकडे बघवेना.

तुला विचारायला हवं होतं. तुझी भावजय रोज हेच म्हणायची, "ताईंना विचारा, ताईंना विचारा." पण तुला विचारलं असतं तर तू पैसे पाठवले असतेस, हे मला माहीत होतं. आणि खरं कारण वेगळंच आहे, तेही लिहितो. बारा वर्षांपूर्वीपर्यंत मी तुला पाठवलेलं प्रत्येक पत्र लाल शाईत तपासून माझ्याकडे परत यायचं. कान्यांना रेघा, वाकड्या ओळींखाली पट्टी मारलेली, आणि शेवटी गुण. एकदा मी रागानं लिहिलं, की मी आता पोरगा राहिलो नाही, माझी पत्रं तपासू नकोस. तू तपासणं बंद केलंस. पण त्यानंतर तुझी पत्रं "पत्र मिळालं. इकडे ठीक." एवढीच यायला लागली. बारा वर्षं मी तुझी नाराजी त्या दोन वाक्यांत शोधत बसलो आहे, आणि त्यात काही दोष सापडत नाही. ज्या माणसाला अशी पत्रं येतात त्यानं पेन विकू का म्हणून विचारायचं कसं?

तर लिलाव. यातला आमच्या बोळातला जाणकार म्हणजे कुलूपवाला. त्यानं एकदा एका जुन्या तिजोरीचं कुलूप ऑनलाइन विकलं होतं. (किल्ली पाठवायची राहून गेली, तो भाग तो सांगत नाही.) त्यानं माझं खातं उघडून दिलं, तुझ्या भावजयीच्या पोहण्याच्या टॉवेलवर पेन ठेवून फोटो काढले आणि वर्णन लिहायला मला बसवलं. म्हणाला, "लिही, अत्यंत दुर्मीळ, अप्रतिम, राजेशाही." पण ताई, मी आयुष्यभर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहिल्या. माझ्या चिठ्ठीत तीनच रकाने असतात: गिऱ्हाईक, पेन, दोष. गुणांचा रकानाच नाही. हात आपोआप दोषांवर गेला. एक, टोपणाच्या कडेला बारीक ओरखडा. दोन, सोनेरी कडं एका बाजूनं फिकं. तीन, शाई भरताना एकदा गुडगुडतं. असं करत करत मी चौदा दोष लिहिले. चौदावा असा, की थंडीच्या दिवसांत पहिला शब्द फिका उमटतो. कुलूपवाल्यानं वाचलं आणि मला विचारलं, की मी हे विकतो आहे की याच्यावर फिर्याद करतो आहे.

पहिले दोन दिवस एकही बोली आली नाही. पण खाली "इतके जण पाहत आहेत" असा आकडा येतो, तो वाढत होता. मला वाटलं, अपघात झाला की लोक जमतात तसं असेल. तिसऱ्या दिवशी प्रश्नांच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं, की लिहिण्याचा नमुना दाखवा. रास्त मागणी होती. आता नमुना म्हणजे लोक काय करतात, चार गोल आणि दोन आडव्या रेघा काढतात. तू मला ती सवय लागू दिली नाहीस. तू म्हणायचीस, रेघोट्यांवरून पेन कळत नाही, वाक्य लिही. हात लिहिणं विसरून बोलायला लागतो तेव्हाच निबेचा स्वभाव कळतो. म्हणून गेली सगळी वर्षं कुठलंही पेन दुरुस्त झालं की मी मनात येईल ते एक पान लिहून काढतो आणि टोपलीत टाकतो. इथेही तेच केलं. पान भरलं, फोटो काढला, चढवला.

आता माझी चूक ऐक. आमच्या धंद्यातला माणूस अक्षर बघतो, वाचत नाही. माझ्या टेबलावर लोकांनी हजारो ओळी लिहून पाहिल्या असतील. मी रेघेची जाडी पाहिली, शाईचा ओघ पाहिला, एकाही ओळीत काय लिहिलंय ते पाहिलं नाही. तेव्हा मी काय लिहिलंय ते दुसरं कुणी वाचेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या पानावर मी लिहिलं होतं, की हे पेन माझ्या ताईनं दिलं आहे आणि ते मी विकतो आहे हे तिला माहीत नाही, आणि कळलं तर ती काही बोलणार नाही आणि तेच जास्त वाईट आहे. पुढे तुझ्या भावजयीच्या शिट्ट्यांचं कोष्टक होतं. शेवटच्या चार ओळी कुलूपवाल्यावर होत्या. तो या वर्षात तीनदा स्वतःच्याच घराबाहेर कुलूपबंद झाला, आणि तिन्ही वेळा त्यानं दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलावलं.

संध्याकाळपर्यंत सात बोल्या आल्या. प्रश्नही आले. एकानं विचारलं, "मग ताईंना सांगितलं का?" मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा प्रश्न चुकून माझ्या रकान्यात आला. दुसऱ्यानं विचारलं, "तिसऱ्या वेळी त्यांना घरात कसं घेतलं?" मी उत्तर दिलं, की कृपया पेनाविषयीच विचारावं. तिसऱ्या बाईंनी फार सभ्यपणे लिहिलं, की नमुना छोटा आहे, आणखी एक पान लिहून दाखवाल का, शक्यतो जिथे थांबलात तिथून पुढे. मी भाबडा. मला वाटलं, काय चोखंदळ गिऱ्हाइकं आहेत. मी दुसरं पान लिहिलं. मग तिसरं. तिसऱ्या पानावर यंत्राचं सगळं आलं. हाताचं मात्र मी पानावरसुद्धा लिहिलं नाही. चष्म्यावर भागवलं.

घोटाळा कळला तो कुलूपवाल्यामुळे. त्याच्या मेव्हण्यानं त्याला फोन करून विचारलं, की तू घराबाहेर अडकल्याचं इतक्या लोकांना कळण्याआधी आम्हाला का नाही सांगितलंस. कुलूपवाला माझ्यासमोर आला, त्यानं त्याचं शटर ओढलं आणि बाहेरून कुलूप लावून निघून गेला. मी सकाळभर लाजेनं मान खाली घालून बसलो. तीन पानं माझ्या घरची, मनातली, परक्या लोकांनी वाचली होती. दुपारी तो परत आला. म्हणाला, काढून टाकायची गरज नाही, पण चौथ्या पानात दुरुस्ती हवी: तिसऱ्या वेळी चूक दाराची होती. आणि त्याचा स्वभाव मदतीचा आहे हेही यायला हवं. मी लिहिलं. खोटं नव्हतंच ते. यंत्राची चौकशी त्यानंच तर चार ठिकाणी फिरून केली होती.

या सगळ्या गर्दीत एक बोलीदार वेगळा होता. त्याचं खात्यावरचं नाव "कोरा कागद". हा माणूस कुठल्याही गोष्टीचं कौतुक करायचा नाही, पुढचं पान मागायचा नाही. बोली लावायचा आणि गप्प बसायचा. चौथ्या पानानंतर त्याचा पहिला आणि शेवटचा प्रश्न आला. "पानागणिक काने जास्त वाकत गेले आहेत. पेन वाकडं की हात?"

ताई, मी तो प्रश्न वाचला आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. हात म्हणून लिहावं तर बोळातली सगळी गिऱ्हाइकं ते वाचणार, आणि हात थरथरणाऱ्या माणसाकडे निब कोण देईल? पेन म्हणून लिहावं तर ते पेनावर खोटा आळ घेणं झालं. जे पेन माझ्या टेबलावर इतकी वर्षं ताठ उभं राहिलं, त्याच्यावर. मी घरी गेलो, जेवलो नाही. तुझ्या भावजयीनं विचारलं, मी तिला फोन दाखवला. तिनं शिट्टी वाजवली नाही. माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत घेऊन बसली, आणि म्हणाली, "मला काय कळत नव्हतं होय? चहा दोन हातांनी कोण पितं मे महिन्यात?" सकाळी मी वर्णन उघडलं आणि चौदाच्या खाली लिहिलं: पंधरा, हात. विक्रेत्याचा. पेनाबरोबर मिळणार नाही.

मला वाटलं, आता बोल्या थांबणार. थांबल्या नाहीत. उलट दोन गिऱ्हाइकं टेबलावर पेनं ठेवून गेली आणि म्हणाली, घाई नाही, यंत्र आलं की करा. मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, तर कुलूपवाल्यानंच माझ्या वतीनं भाषण केलं. ते लांबलं.

लिलाव रविवारी दुपारी चार वाजता संपणार होता. तलावावर शर्यती होत्या म्हणून आम्ही सगळे तिथेच पायऱ्यांवर बसलो होतो: मी, कुलूपवाला आणि मधेच ओल्या पायांनी येऊन डोकावणारी तुझी भावजय. शेवटच्या पंधरा मिनिटांत फक्त दोघे उरले, संग्राहक आणि कोरा कागद. आकडा यंत्राच्या किमतीच्या अलीकडे येऊन अडला. आणि एकाएकी तिसरीच बोली दिसली, थेट यंत्राच्या किमतीएवढी. मी आनंदानं कुलूपवाल्याकडे वळलो. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "मीच ती," म्हणाला. "भावनेच्या भरात दाबलं गेलं." त्याच्याकडे तेवढे पैसे त्याचं दुकान, कुलपं आणि मेव्हणा धरूनही नव्हते. सहा मिनिटं तो माणूस तुझ्या पेनाचा मालक होता, आणि ती सहा मिनिटं त्यानं माझं मनगट सोडलं नाही. माझा हात कापत होता की त्याचा, सांगता येणार नाही. एक मिनिट उरलं असताना कोरा कागदनं त्याच्यावर बोली लावली. कुलूपवाला उभा राहून इतक्या मोठ्यानं ओरडला, की तलावाच्या काठावर उभ्या आठ मुलांना शर्यत सुटल्यासारखं वाटलं आणि आठही जणांनी उडी मारली. तुझ्या भावजयीची शिट्टी अजून माझ्या कानात आहे.

विकलं गेलं. पैसे दुसऱ्याच दिवशी आले, आणि सोबत एक ओळ: "पेनाची घाई नाही. आधी यंत्र घ्यावे." यंत्र आलं. पहिली निब त्याच्या हातांत बसवली, चकती फिरवली आणि वरून पाहिलं, तर चीर रस्त्याएवढी रुंद आणि दोन्ही दात डोंगरासारखे. माझा हात चकतीवर कापत होता आणि खाली निब हलत नव्हती. त्या दिवशी मी तीन पेनं दुरुस्त केली. ज्या कुणाला देवमाणूस म्हणतात तो मला कधी भेटला नव्हता, पण आता त्याचं खात्यावरचं नाव मला माहीत आहे.

ताई, पेन गेलं, पण टेबल राहिलं. तू ते पेन टेबल चालावं म्हणूनच दिलं होतंस, एवढंच मनाला समजावतो. माफ कर म्हणत नाही, तू केलं आहेस की नाही ते तुझ्या दोन वाक्यांतून मला कधीच कळणार नाही. पण आभार मानायचे राहिले होते, ते आज सगळे एकदम मानतो. त्या संध्याकाळचे, त्या पेनाचे, आणि कान्याला कणा असतो हे सांगितल्याचे.

वडीलधाऱ्यांत आता तूच एक उरलीस, तुला पुन्हा एकदा नमस्कार. गुडघा जप.

तुझा,
ठिपक्या

ता. क. खोक्यात ते पेन आहे. कोरा कागद यांनी पत्ता दिला आहे तो तुझ्या घरासमोरच्या वाचनालयाचा. योगायोग म्हणायचा. तर रस्ता ओलांडून तेवढं पेन त्यांना पोचतं कर.

ता. क. दोन. पुरे झालं. किती वेळ मी साधेपणाचं सोंग करणार आणि किती वेळ तू शब्दकोशावर हात ठेवून चेहरा कोरा ठेवणार? कान्याला वाकलेला म्हणणारं माणूस जगात एकच आहे. मी तो प्रश्न वाचला त्याच क्षणी ओळखलं. म्हणून तर त्या रात्री जेवलो नाही. परक्याला एक वेळ खोटं लिहिलं असतं. तुझ्या भावजयीनंही कबूल केलं आहे, की लिलाव लागला त्याच संध्याकाळी तिनं तुला फोन केला होता. (तिची फुप्फुसं मोठी आहेत, त्यांत गोष्ट राहत नाही.) ताई, एकच वस्तू तू मला दोनदा दिलीस. आणि बोटीचं वर लिहिलं ते तुला छळायला नाही, तू खरं सांगतेस का ते बघायला. तिकीट परत केल्याचं मला तुझ्या शेजारणीकडून कळलं आहे. आमच्याकडे समुद्राची सोय नाही, तरणतलाव आहे. बुधवारी सकाळी रिकामा असतो. तुझी भावजय म्हणते, गुडघ्यालाही बरं. तिच्या वर्गात "मी काही म्हातारी नाही" म्हणणाऱ्यांना पहिल्याच दिवशी खोल पाण्यात नेतात. ये. बोटीचा प्रवासही होईल, मी दिवसाला तीन पेनं करतो आहे, आणि टेबलाखाली तुझ्या तिकिटासाठी एक डबा ठेवला आहे, तो मी भरतो आहे.

ता. क. तीन. आता खरं मागणं. हे पत्र मी त्याच पेनानं लिहिलं आहे. (विकलेला माल वापरणं नियमात बसत नाही, तक्रार करायचा हक्क तुला आहे.) लिहायला पाच दिवस लागले. सुरुवातीचे काने बरे आहेत, पुढचे तू बघतेच आहेस. ते हाताचे आहेत, पेनाचे नाहीत. बारा वर्षांपूर्वी मी तपासू नकोस म्हणालो, ते मी मागे घेतो. हे पत्र तपासून परत पाठव. एकही वाकडा काना सोडू नकोस, गुण कमी दे, पण परत पाठव. खोक्यात पेनाच्या शेजारी कापसात एक लाल शाईची बाटली आहे. ती लिलावात नव्हती.